लहान कपाट आणि घरभर कपडे : मोजमापाचा एक घरगुती पाठ



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, बाईंना अभ्यासक्रम संपवायचा सोडून हे काय सुचलं? पण हा विषय मला वर्गातच सुचला आहे, म्हणून इथे लिहिते.

गेल्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा उशिरा यायला लागली. गणवेश ओलसर, कुबट वास येणारा. शेजारी बसणारी मुलगी नाक दाबून बाजूला सरकली तेव्हा माझ्या लक्षात आलं. कारण विचारलं तर म्हणाली, "बाई, गणवेश सापडतच नाही. सगळ्यांचे कपडे एकात एक असतात. मग आई ओरडते." योजनेतून मिळालेले दोन्ही गणवेश घरात होते. धुतलेलेही होते. पण सहा माणसांचं घर, एक लोखंडी कपाट, आणि तिचे कपडे कधी आजीच्या लुगड्याखाली, कधी बाबांच्या पँटमध्ये. रोज सकाळी ते कपाट उपसलं जायचं आणि दिवसाची सुरुवात रडारडीने व्हायची.

मी त्या दिवशी घरी जाऊन माझं स्वतःचं कपाट उघडलं. खरं सांगते, तिला बोलायचा मला काहीच अधिकार नव्हता!

आधी सगळं बाहेर काढा

आमच्याकडेही एकच लोखंडी कपाट आहे, नेहमीचं, साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडं जास्त खोल. माणसं चार. रविवारी सकाळी कपाट पूर्ण रिकामं केलं आणि पलंगावर ढीग घातला. अर्धंमुर्धं काढून चालत नाही. एकेक कप्पा आवरायला घेतला की आपण या कप्प्यातलं त्या कप्प्यात टाकतो आणि आवरल्याचं समाधान मानतो.

मुलाला वही-पेन्सिल देऊन मोजायला बसवलं. मोजे, रुमाल, आतले कपडे सोडून २१४ नग निघाले. त्यातले गेल्या वर्षभरात एकदाही अंगाला न लागलेले ८७. म्हणजे दर पाच कपड्यांतले दोन नुसतेच जागा अडवून बसले होते. तुमच्या घरचा आकडा वेगळा असेल, पण मोजून बघा. नुसतं "फार झालेत हो कपडे" म्हणण्यात आणि ८७ हा आकडा समोर दिसण्यात फरक आहे. शिवाय तिसरी-चौथीच्या मुलांना वर्गीकरण, ताळ्याच्या खुणा आणि चित्रालेख शिकवायला याहून चांगलं साहित्य विकत मिळत नाही.

न वापरलेल्या कपड्यांचं काय करायचं, हे आपल्याकडे कुणी नव्याने शिकवायला नको. पूर्वी दारावर बोहारीण यायची, जुन्या कपड्यांवर पातेलं नाहीतर डबा द्यायची, आणि एका साडीसाठी अर्धा तास घासाघीस चालायची. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी व्हायची, उरलेल्याचं पायपुसणं, शेवटी पोतेरं. कापड घरातून बाहेर जायच्या वाटा ठरलेल्या होत्या. आता कपडे येण्याची वाट रुंद झाली, जाण्याची बुजली. शिवाय आजचं सिंथेटिक कापड पाणी शोषत नाही, त्यामुळे त्याचं धड पोतेरंही होत नाही.

मुलांचे लहान झालेले कपडे चांगले असतील तर लगेच कुणाला तरी द्या. "पुढच्या भाचीला होतील" म्हणून ठेवलेला फ्रॉक भाची कॉलेजात गेली तरी कपाटातच असतो. देताना मात्र धुऊन, बटणं लावून द्यावा. फाटकं, डागाळलेलं गाठोडं कुणाच्या दारात नेऊन टाकणं म्हणजे देणं नव्हे. आणि आठवणीचे कपडे? बारशाचं झबलं, लग्नातला शालू, वडिलांचा स्वेटर. ते ठेवा की! फक्त रोजच्या कप्प्यात नकोत.

घडी कशी घालायची, यापेक्षा कुठल्या मापाची

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण खरी जागा इथेच वाचते आणि गणितही इथेच आहे.

घडी घातल्याने कापड कमी होत नाही. कमी होते ती मधली हवा, आणि कप्प्याच्या कडेला, मागे फुकट जाणारी जागा. म्हणून घडी आधी आणि कप्पा नंतर, असं करू नका. आधी टेप घेऊन कप्पा मोजा.

माझ्या कपाटातला एक कप्पा आतून ३३ इंच रुंद आणि साडेसतरा इंच खोल भरला. मुलाच्या शर्टाची घडी होत होती साडेआठ इंच बाय साडेदहा इंच. मी वर्षानुवर्षं शर्ट कसे ठेवत होते? घडीची अरुंद बाजू समोर आणि लांब बाजू आत. ३३ इंचांत साडेआठ इंचांच्या तीनच थप्प्या बसतात, साडेसात इंच उरतात. खोलीत साडेदहाची एकच रांग बसते, मागे सात इंच उरतात. एकूण थप्प्या तीन. उरलेल्या जागेत मग काहीबाही कोंबलं जातं आणि तेच हरवतं.

आता तीच घडी फक्त वळवा. लांब बाजू समोर. ३३ इंचांत साडेदहाच्या तीन थप्प्या बसतात, दीड इंच मोकळा. खोलीत साडेआठच्या दोन रांगा बसतात, अर्धा इंच मोकळा. एकूण थप्प्या सहा! कपाट तेच, शर्ट तेच, घडीही तीच. कप्प्याचं क्षेत्रफळ ५७७.५ चौरस इंच. एका घडीचं ८९.२५. पहिल्या पद्धतीत जेमतेम ४६ टक्के तळ वापरला जात होता, दुसऱ्या पद्धतीत सुमारे ९३ टक्के.

हे उदाहरण मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर मांडलं. आधी मुलांनी सरळ ५७७.५ भागिले ८९.२५ केलं आणि "सहा बसतील" म्हणून मोकळी झाली. मग कागदाचे तुकडे कापून प्रत्यक्ष मांडायला सांगितले तर निम्म्यांचे तीनच बसले. क्षेत्रफळ पुरेसं असलं तरी आकार बसायला हवा, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मलाही ते इतक्या स्पष्टपणे त्या दिवशीच कळलं म्हणा.

मागच्या रांगेतलं काढताना पुढची रांग विस्कटते, ही अडचण खरी आहे. म्हणून मागे तेच ठेवा जे क्वचित लागतं. पावसाळ्यात स्वेटर मागे, दिवाळीनंतर रेनकोट मागे. वर्षातून दोनदा रांगांची अदलाबदल करायची, बास.

थप्पीची उंची हाही मुद्दा आहे. आठ-दहा कपड्यांच्या वर थप्पी गेली की ती लहान मुलांसाठी नसतेच. त्यांना खालून तिसरा टी-शर्ट हवा असतो आणि तो ओढला की सगळी थप्पी अंगावर. यावर उपाय म्हणजे कपडे आडवे रचण्याऐवजी पुस्तकांसारखे उभे लावणे. जपानच्या मारी कोंडो यांच्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर पोचली. २०१४ मध्ये ते इंग्रजीत आलं, त्यानंतर आपल्याकडेही त्याचे व्हिडिओ फिरायला लागले. कपड्याची लांब पट्टी करायची, मग तिची तीन-चार वेळा घडी घालून घट्ट चौकोन करायचा, तो उभा राहिला पाहिजे. असे चौकोन खणात किंवा खोक्यात ओळीने उभे केले की प्रत्येक कपड्याची कड वरून दिसते. एक काढला तरी बाकीचे हलत नाहीत.

पण आपल्या लोखंडी कपाटात मोठे ड्रॉवर नसतात. मग काय? बुटांचं रिकामं खोकं, बिस्किटांचा खोका अर्ध्या उंचीवर कापून, असं चालतं. माझा अनुभव असा की कोकणात पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि झुरळांना तो फार आवडतो. म्हणून मी प्लास्टिकच्या जाळीच्या टोपल्या घेतल्या. सोलापूर-लातूरकडे कोरड्या हवेत पुठ्ठ्याचं खोकं खुशाल चालेल. मोजे, रुमाल, आतले कपडे यांना तर टोपलीशिवाय पर्याय नाही. आणि मोज्यांचा गोळा करून त्याचं तोंड उलटवू नका, इलास्टिक सैल होतं. जोडी एकावर एक ठेवून नुसती दुमडा.

काय टांगायचं, काय नाही

हँगरला जागा जास्त लागते, म्हणून लहान कपाटात टांगायचे कपडे मोजकेच ठेवा. इस्त्रीचे शर्ट, एखादा कोट, रोजचे ड्रेस. टांगलेल्या शर्टांच्या खाली बहुतेक वेळा फूट-दीड फूट जागा मोकळी राहते. तिथे एखादी टोपली सहज बसते.

साड्यांचं म्हणाल तर सुती आणि सिंथेटिक साड्या हँगरवर चालतात. पैठणी किंवा जड जरीची साडी मात्र वर्षभर टांगून ठेवू नये. तिचं वजन एकाच रेषेवर येतं, कापड ताणलं जातं आणि घडीवर जर तुटते. ती मलमलच्या किंवा जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवावी, तिच्यावर ओझं ठेवू नये, आणि दोन-तीन महिन्यांनी काढून घडी बदलावी. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. आत ओल कोंडते. खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते. घरातली चांदीची भांडी काळी पडतात, तसंच हे. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते.

एक छोटी युक्ती माझ्या सासूबाईंची. साडीवरचं ब्लाउज आणि परकर त्याच साडीच्या घडीत ठेवायचा. तीन ठिकाणची शोधाशोध वाचते. मुलांच्या गणवेशालाही मी हेच लावलं : शर्ट, पँट, मोजे, पट्टा असा एकच संच. सकाळी एक वस्तू उचलायची, चार नव्हे.

एकाखाली एक पाच पँट अडकवायचे ते उभे हँगर मिळतात ना, ते मला पटले नाहीत. खालची पँट काढताना वरच्या दोन जमिनीवर येतात. हवा काढून घ्यायच्या प्लास्टिक पिशव्याही जपून. रजई, दुलई त्यात निम्म्याहून लहान होते हे खरं, पण कापडात किंचित जरी ओल राहिली तर ती आतच राहते आणि पिशवी उघडल्यावर बुरशीचा भपकारा येतो. कडक उन्हात दोन दिवस वाळवलं असेल तरच त्यात भरा. त्यापेक्षा कपाटावर नुसती पडलेली रिकामी सुटकेस आधी वापरा. घरातली ती सगळ्यात मोठी फुकट गेलेली जागा असते.

ओल, कसर आणि डांबरगोळ्या

कपाट गच्च भरू नये. शर्टांच्या कप्प्याचा तळ आपण ९३ टक्के भरला हे खरं, पण थप्पीच्या वर चार बोटं जागा राहू द्या. हवा खेळली नाही की बुरशी धरते. पावसाळ्यात कोकणातली हवा दिवसेंदिवस दमट असते आणि अशा हवेत बुरशीला फक्त थोडी घाण आणि स्थिर हवा पुरते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर दोन-तीन इंच पुढे घ्या. कपडे "जवळजवळ वाळलेत" म्हणून आत टाकू नका. शिवणी, खिसे आणि कमरेचा पट्टा हात लावून पाहा, ओल तिथेच लपते. इस्त्री केलेला कपडाही गरम असताना ठेवू नये, थोडा वेळ बाहेर निवू द्यावा. त्या मुलीच्या गणवेशाला येणारा वास याच घाईतला होता.

कपड्यांना भोकं पडतात ती उडणाऱ्या पतंगामुळे नाही, त्याच्या अळीमुळे. अळीला लोकर आणि रेशीम आवडतं, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असतील तर आणखीच. सुती, खळ घातलेल्या कपड्यांना चंदेरी कसर लागते. म्हणून एकदा घातलेली भरजरी साडी "पुढच्या लग्नाला परत नेसू" म्हणून तशीच आत ठेवू नये. वाऱ्यावर टाकावी, डाग असेल तर साफ करून घ्यावा. पाऊस संपल्यावर कपाट रिकामं करून कपड्यांना ऊन दाखवायची आपल्या घरांतली जुनी रीत याचसाठी. रेशमाला मात्र सावलीतला वाराच पुरे, उन्हाने रंग विटतो.

आता डांबरगोळ्या. विज्ञानाच्या तासाला संप्लवन शिकवताना आपण कापूर आणि नॅफ्थलीनचं उदाहरण देतो : स्थायूचं द्रवात न जाता थेट वायूत रूपांतर. गोळी महिन्याभरात लहान होते ती अशी. पण हा वायू जातो कुठे, हा पुढचा प्रश्न आपण बहुधा विचारत नाही. तो कपड्यांत मुरतो आणि कपडे घातल्यावर आपल्या श्वासातून, काही अंशी कातडीतूनही शरीरात जातो. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा मुलांच्या, विशेषतः नवजात बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू लागतात आणि कावीळ, रक्तक्षय होऊ शकतो. हा दोष बाहेरून दिसत नाही, घरच्यांना बहुतेक वेळा माहीतही नसतो. म्हणून बाळंतविड्याचे कपडे, झबली, दुपटी, लंगोट डांबरगोळ्यांत ठेवू नका. मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले कपडे काढलेत आणि त्यांना तो वास येत असेल तर धुऊन, उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत वाळवूनच बाळाला घाला. रांगत्या मुलाला पांढरी गोळी पेपरमिंटसारखी दिसते, हे तर वेगळंच. कापूरही पोटात गेला तर विषारीच असतो, त्यामुळे तो बदली म्हणून वापरत असाल तर उंचावर, पुरचुंडीत.

मी वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत ठेवते. त्याने अळी लागलेला कपडा बरा होणार नाही, एवढं लक्षात ठेवा. खरा उपाय स्वच्छ, कोरडे कपडे आणि अधूनमधून उघडलेलं कपाट हाच.

वर काय, खाली काय

जड वस्तू खाली आणि हलक्या वर, हा नियम फक्त सोयीचा नाही. वरचे कप्पे जड झाले की कपाटाचा गुरुत्वमध्य वर जातो. अशा वेळी एखादं लहान मूल कप्प्यांवर पाय देऊन चढलं तर कपाट पुढे कलंडू शकतं. पट्टी आणि स्क्रूने कपाट भिंतीला जखडून घ्या, सुताराचं तासाभराचंही काम नाही. आणि लपंडाव खेळताना कपाटात लपायचं नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. बाहेरून कडी बसली तर आतून उघडत नाही आणि आत हवा थोडीच असते.

कागदपत्रं मात्र वर. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराने आमच्या भागात हे सगळ्यांना शिकवलं. त्यानंतर माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत दाखले, पासबुकं, गुणपत्रिका खालच्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या कप्प्यात गेल्या.

मधला, म्हणजे मुलांच्या हाताला येणारा कप्पा मुलांचा. आपण नेमकं उलटं करतो. मधले सोयीचे कप्पे मोठ्यांचे आणि मुलांचे कपडे वर, म्हणजे "आई, काढून दे" आलंच. पहिली-दुसरीच्या मुलाला जमिनीपासून अडीच-तीन फुटांवरचा कप्पा द्या. घडी वाकडी घातली तरी तुम्ही परत घालू नका. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही घडी घालायला लावा. आमच्या चिरंजीवांची पहिली घडी समोशासारखी होती, आता ठीक जमते.

आमचं कपाट लावून झाल्यावर एक गोष्ट दिसली ती लिहू की नको असं वाटत होतं. सगळ्यांना कप्पे मिळाले आणि माझ्या रोजच्या साड्या अजूनही दाराच्या मागच्या खुंटीवर होत्या. पालकसभेत हे सांगितलं तर आया एकमेकींकडे बघून हसल्या. बऱ्याच घरांत तेच होतं. मी परत टेप काढली आणि एक कप्पा माझ्या नावावर केला.

त्या चौथीतल्या मुलीच्या घरी मी गेले होते. सहा माणसांच्या त्या कपाटात तिच्यासाठी वेगळा कप्पा निघणं शक्यच नव्हतं, हे तिथे गेल्यावर कळलं. इथे बसून सल्ले देणं सोपं असतं. तिच्या आजीने वेगळाच मार्ग काढला. जुन्या नऊवारीच्या जाड पदराची चार खिशांची लांब पट्टी शिवली आणि दाराच्या मागे दोन खिळ्यांना टांगली. एका खिशात शर्ट, दुसऱ्यात स्कर्ट, तिसऱ्यात मोजे, चौथ्यात रिबिनी आणि ओळखपत्र. खिसे हवेशीर, त्यामुळे वासही गेला. रात्री झोपण्याआधी ती चारही खिसे तपासते. एकदा उशिरा आली तेव्हा मी विचारलं, "आज काय हरवलं?" तर म्हणाली, "काही नाही बाई, आज एसटीच उशिरा आली."

तुमच्या वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर मुलांना घरच्या एका कप्प्याची लांबी-रुंदी आणि एका घडीची लांबी-रुंदी मोजून आणायला सांगा. ज्यांच्याकडे कपाट नाही त्यांनी ट्रंक, पेटी किंवा दप्तर मोजावं, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. घडी दोन्ही दिशांनी ठेवून किती थप्प्या बसतात ते कागद कापून बघायचं. काही कप्प्यांत दोन्हीकडून उत्तर सारखंच येईल, आमच्या वर्गात चार जणांचं तसं आलं. मग घडीचं माप किती बदललं तर एक थप्पी वाढेल, हा पुढचा प्रश्न त्यांना द्या.